चापावरचं कुंकू

करडीच्या तेलाचा वास आला की ती घटना मला आजही आठवते. घरात भजी तळायला घेतली की मी उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसतो. सून शेजारणींना सांगते, बाबांना तळणाचा त्रास होतो. मी तिचं बोलणं खोडून काढत नाही. भजी गार झाली की आत येऊन चार खातो आणि गप्प राहतो. नोकरीत खून पुष्कळ पाहिले. कुऱ्हाडीचे, विळ्याचे, विहिरीत ढकलल्याचे. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे एक प्रकरण वेगळं राहिलं, कारण त्यात मी घाबरलो होतो. पोलिसाला भीती वाटत नाही असं सांगणारा अधिकारी भेटला तर त्याच्या हाताखाली काम करू नका, एवढाच माझा सल्ला.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कागदावर उस्मानाबाद, आमच्या आईच्या तोंडी धाराशिव. मी फौजदार होतो, पण खेड्यातली माणसं मला अमीनसाबच म्हणत. निजामाच्या अमलात ठाण्याच्या अधिकाऱ्याला अमीन म्हणायचे. राज्य बदललं म्हणून लोकांची जीभ एका रात्रीत बदलत नाही, आणि मीही कधी कुणाला टोकलं नाही.

पुढे जाण्याआधी वाचकांना थोडं शिकवणं भाग आहे. ते नाही केलं तर ही हकिगत समजायची नाही. परवाच वर्तमानपत्रात वाचलं की आरोपीने रिव्हॉल्व्हरमधली मॅगझिन काढून फेकली. वाचून मी एकटाच हसलो. अहो, रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसतेच. हातात मावणाऱ्या बंदुका मुख्यतः दोन जातींच्या. पिस्तुलाच्या मुठीत एक चपटी पेटी सरकवतात, ती मॅगझिन. काडतुसं तिच्यात एकावर एक बसतात आणि बार झाला की रिकामं टरफल पिस्तूल आपणहून बाहेर फेकून देतं. रिव्हॉल्व्हरची तऱ्हा निराळी. तिच्या नळीच्या मागे एक जाड चक्र असतं आणि त्या चक्रात काडतुसांची घरं, बहुधा सहा. दर वेळी चक्र एक घर पुढे सरकतं आणि नवं काडतूस नळीच्या तोंडाशी येतं. टरफल मात्र घरातच राहतं. म्हणून पिस्तुलवाल्याने जागेवर टरफल सोडलं का हे आम्ही जमिनीवर शोधतो, आणि रिव्हॉल्व्हर सापडली तर आधी तिचं चक्र उघडतो.

लोक काडतुसालाच गोळी म्हणतात, तेही बरोबर नाही. काडतूस म्हणजे सगळा ऐवज. पितळी टरफल, बुडाला छोटी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी. टोपीवर ठोका बसला की ती पेटते, दारू पेटवते आणि गोळी नळीतून सुटते. तो ठोका देतो घोडा. घोडा म्हणजे मागच्या बाजूला अंगठ्याने मागे ओढायचा तो लोखंडी चोच असलेला भाग. आणि बोटाने दाबतो तो चाप. चापाभोवती एक कडं असतं, चुकून काही लागू नये म्हणून. घोडा मागे ओढला की त्याच्या बुडाशी असलेल्या बारीक खाचेत चापाचं टोक जाऊन बसतं आणि घोडा तिथेच उभा राहतो. याला घोडा चढवणं म्हणतात. मग चापाला जरासं बोट लागलं की टोक खाचेतून सुटतं आणि घोडा टोपीवर आदळतो. सगळी करामत त्या नखाएवढ्या खाचेची आहे. हे एवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा झाली होती. कोतीत, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, मस्कटी, म्हणजे आमच्या लांब नळीच्या बंदुका, ओळीने उभ्या करून हवालदाराने प्रत्येकीला झेंडू वाहिला होता. मी दरवर्षी ओरडायचो, कुंकू लाकडाच्या दस्त्याला लाव, लोखंडाला नको, ते सांध्यात जातं आणि चिकटतं. हवालदार ‘जी’ म्हणायचा आणि दरवर्षी नळीपासून चापापर्यंत सगळीकडे कुंकू लावायचा. देवीच्या मुलखातला माणूस, माझं ऐकतोय कशाला.

दुपार कलल्यावर एक म्हातारा आतार ठाण्याच्या पायरीशी येऊन बसला. बेंबळीच्या पलीकडच्या एका खेड्यात राहायचा, आसपासच्या गावांत फिरून कुंकू, बुक्का, उदबत्ती विकायचा. गावचं नाव मी सांगणार नाही. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“काय चाचा, काम काय?” मी विचारलं.

“अमीनसाब, मयत जाळायच्या आदी येऊन बगा,” तो म्हणाला. “भावकी म्हंती छातीत कळ आली. म्या सकाळी त्याच घरी कुंकू देऊन आलो. दोपारी बार ऐकला. मागल्या साली बी ऐकला व्हता, याच दिशी. तवा कुणी मेलं न्हवतं म्हणून गप बसलो.”

“कुणी काढला बार?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “गाव म्हंतं, मेल्यालं माणूस काढतंय. म्या काय सांगू?”

आम्ही पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. जमिनी बाळगून असलेलं जुनं घर, भावकी मोठी. मी अंत्यविधी थांबवला म्हणून कुरकूर झाली, एकदोघे आवाज चढवून बोलले. तिरडीवर घरचा कर्ता मुलगा होता, तिशीतला. कपाळाला गुलाल लावला होता आणि गळ्यापर्यंत पांढरं धोतर घट्ट गुंडाळलं होतं. मी ते सोडवलं. मानेच्या मुळाशी, गळपट्टीच्या हाडाच्या वर, एक गोल भोक होतं. भोवतीची कातडी काळवंडलेली, म्हणजे बार अगदी जवळून झालेला.

त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने बोट दाखवलं.

“हिनं मारलं माझ्या लेकराला. हातात व्हतं हिच्या. समद्यांनी बगितलंय.”

बोट सुनेकडे होतं. सून माजघराच्या कोपऱ्यात उभी होती. वय जेमतेम वीस-बावीस. पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. तिच्या दोन्ही हातांना तेल आणि रक्त लागून सुकलं होतं.

मग मी देवघर पाहिलं. जाड भिंतींच्या माळवदाच्या घरातली ती सगळ्यात आतली खोली, खिडकी नाही, वर फक्त एक छोटं धुराडं. घटाशेजारी नवरात्राचा अखंड दिवा जळत होता. दिव्याला लागूनच चौरंग आणि चौरंगावर फुलं, तांदूळ, हळद-कुंकू. सांडलेल्या तेलात रक्त मिसळलं होतं. चौरंगापासून हातभर अंतरावर, जमिनीवर, रिव्हॉल्व्हर. मी रुमालाने तिच्या कड्याला धरून उचलली, पंचांसमोर चक्र उघडलं. सहा घरांत चार काडतुसं भरलेली आणि दोन नुसती टरफलं. एका टरफलाला ताज्या दारूचा वास होता. दुसरं काळं पडलेलं, जुनं.

म्हणजे आतार खोटं बोलत नव्हता. मागल्या सालीही एक बार झाला होता.

मी भिंत पाहिली. चौरंगाच्याच उंचीला, नळी ज्या बाजूला असावी त्या बाजूच्या भिंतीत एक भोक होतं. चिखलाने बुजवलेलं. आणि त्या बुजवलेल्या जागेवर हळद-कुंकवाची बोटं उमटवलेली होती, खाली ताज्या झेंडूची दोन फुलं. त्या घराने वर्षभर त्या भोकाची पूजा केली होती. हवालदार माझ्यामागे उभा होता. तो हळूच दोन पावलं दाराकडे सरकला. मीही त्याच्या मागोमाग बाहेर आलो, आणि खोलीत अजून पाहायचं राहिलं होतं हे मला बाहेर आल्यावर आठवलं.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी शवचिकित्सा केली. गोळी मानेच्या मुळाशी शिरून खाली पाठीकडे गेली होती. त्याचा सरळ अर्थ हा की बसलेल्या माणसावर उभ्या माणसाने वरून बार टाकला. सुनेच्या हातात हत्यार भावकीतल्या चौघांनी पाहिलेलं. आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोचं भांडण शेजारपाजाऱ्यांनी ऐकलेलं. मी कलम तीनशे दोन लावलं. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. आमच्या साहेबांनी तर पाठीवर थाप मारली, दोन दिवसांत दोषारोपपत्र पाठव म्हणाले.

तेव्हा आमच्या जिल्ह्यात पोलिसात बायका नव्हत्या. कोतवालाची बायको सोबतीला बसवून मी सुनेचा जबाब घ्यायला बसलो. माणूस खोटं बोलताना बहुतेक वेळा जास्त बोलतो, असा माझा अनुभव. ही फार थोडं बोलली.

“कुणी मारलं?”

“मामंजींनी.”

मामंजी म्हणजे तिचा सासरा. तो दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याच्या सुमाराला अंथरुणात वारला होता. मी पेन खाली ठेवलं.

“बाई, मेलेल्या माणसाचं नाव मला लिहिता येत नाही.”

“मग नगा लिवू,” ती म्हणाली. “तुमी इचारलं, म्या सांगितलं.”

कोतवालाच्या बायकोने तिला पाणी दिलं. मग हळूहळू तिने सांगितलं. सासऱ्याला रिव्हॉल्व्हरचा निजामाच्या वेळचा परवाना होता. दर खंडेनवमीला तो ती पुसून, तेल लावून चौरंगावर ठेवायचा आणि स्वतःच्या हाताने घोडा चढवायचा. त्याला तो शस्त्र जागं करणं म्हणायचा. नैवेद्य झाला की तशीच उचलून शेताच्या बांधावर न्यायची, आभाळाकडे एक बार काढायचा आणि मग घरातली माणसं जेवायला बसायची. निजलेल्या आणि रिकाम्या शस्त्राची पूजा करू नये, हा त्या घरचा कुळाचार. तो वारल्यावर परवाना सरकारजमा व्हायला हवा होता, हत्यारही. त्यांनी दिलं नाही. मुलाने पूजा चालू ठेवली. घोडाही चढवला. फक्त बार काढायला तो भ्यायला, कारण आवाज झाला तर पोलीस येतील.

“मागल्या साली पूजा करून आमी दार लोटून भायेर आलो,” ती सांगत होती. “ताटं वाढली. आन् आतनं बार झाला. आत कुणी न्हवतं, अमीनसाब. म्या दारालाच पाठ लावून बसले व्हते. पाठीला हादरा बसला. दार उघडलं तर दिवा इझलेला आन् ते चौरंगावरनं खाली, तोंड आमच्याकडं करून पडल्यालं.”

“मग?”

“आत्या म्हणल्या, मालक येऊन आपला बार घेऊन गेले.” सासूला ती आत्या म्हणायची. “ आत्या रडल्या. ह्यान्ला बी पटलं. मला न्हाय पटलं. म्या म्हणलं ते घरातनं काढा. याच कारणानं भांडण, दर म्हयन्याला. काल सांजच्याला बी तेच.”

“आणि यंदा?”

“यंदा बार झालाच न्हाय. आमी भायेर बसून वाट बगत व्हतो. ताटं तशीच. दिव्यातलं तेल सरत आलं व्हतं, अखंड दिवा इझू देता येत न्हाय. म्या वाटी घेऊन आत निगाले. त्यांनी वाटी माझ्या हातातनं घेतली. म्हणले, तू नगं, म्या घालतो. म्या उंबऱ्यावर उभी व्हते. ते वाकले. मग बार झाला. म्या धावले. ते त्यांच्या अंगाखाली व्हतं, नळीला धरून काढलं आन् उचललं. एवढंच.”

मी तिचा जबाब शब्दशः लिहिला. त्या बाईवर माझा विश्वास बसला होता का? खरं सांगतो, बसला होता आणि तीच अडचण होती. भूत मला मान्य नव्हतं आणि तिचं सांगणं खोटं वाटत नव्हतं. बंद खोलीत, कुणी नसताना, म्हाताऱ्याच्या नेमाच्या वेळेला बार होतो. एकदा झाला तर योगायोग म्हणू. दुसऱ्यांदा झाला तेव्हा माणूस गेला. मी घरी जेवायला बसलो की माझंही लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडे जायचं. बायकोने विचारलं तेव्हा मी तिच्यावर खेकसलो.

उलगडा झाला तो हवालदारामुळे, आणि त्यालाही त्याचा पत्ता नव्हता. दसरा उलटून गेल्यावर तो कोतीतल्या मस्कटी पुसायला बसला होता. हत्यार मोकळं आहे ना, हे पाहायचा आमचा रिवाज असा की मागचा दट्ट्या, म्हणजे बोल्ट, उघडायचा, नळी आभाळाकडे करायची आणि चाप दाबायचा. त्याने एक-एक करून सगळ्या मोकळ्या केल्या आणि रोजनाम्यात सही करायला माझ्याकडे आला. सहीशेजारी कागदावर लाल ठसा उमटला. त्याच्या उजव्या हाताचं बोट कुंकवाने माखलेलं होतं.

“कितीदा सांगितलं तुला,” मी सुरू केलं आणि मध्येच थांबलो.

चापाला कुंकू लावलेलं असेल तर चाप दाबणाऱ्याच्या बोटाला ते लागणार. आणि चापावरचं पुसलं जाणार.

मी पंचांना बोलावलं, साहेबांची परवानगी घेऊन मुद्देमालाचं सील उघडलं. कापड बाजूला केलं. घोड्यावरच्या कुंकवात अंगठ्याचा ठसा होता, मुलाचा, पूजेच्या वेळी घोडा चढवल्याचा. आणि कड्याच्या आत, चापावर, कुंकवाचा एक गोल टिळा जसाच्या तसा होता. त्यावर अक्षतेचा एक तांदूळ चिकटलेला. त्या चापाला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं. ना सुनेचं, ना नवऱ्याचं.

सून सुटली हे मला दिसत होतं. पण मग बार काढला कुणी, हा प्रश्न टेबलावर तसाच पडून होता. हवालदाराने देवीचं नाव घेतलं. मी त्याला गप्प राहायला सांगितलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

मी पूर्वी नव्या जवानांना हत्यारं शिकवायचो. त्यांना सांगायचो, हत्यार आपणहून काही करत नाही, करवून घेणारं काहीतरी असतं, ते शोधा. आता स्वतःलाच सांगायची वेळ आली. काडतुसं बाहेर काढून मी घोडा अंगठ्याने हळूच मागे ओढला. तो जड गेला, काकवीत बुडाल्यासारखा. खाचेत टोक बसल्याचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा, तो आला नाही. घोडा तसाच उभा राहिला. मी नाक लावलं. बंदुकीच्या तेलाचा वास नव्हता. करडीच्या तेलाचा होता.

आमच्या भागातल्या बायकांना विचारा, करडीचं तेल भांड्याला लागून राहिलं की काय होतं. चिकट पिवळा थर बसतो, राखेने घासूनही निघत नाही. त्या रिव्हॉल्व्हरच्या पोटात तो थर बसला होता, त्यात कुंकू, हळद आणि तांदळाची कणी. चापाचं टोक खाचेत शिरतच नव्हतं. ते त्या चिकटीवर नुसतं टेकून राहत होतं.

आणि पूजेत तिच्या अगदी शेजारी काय असायचं? दिवा.

दिव्याच्या धगीने ती चिकटी मऊ झाली तर टोक निसटणार. मी समई मागवली. टेबलावर रिकामी रिव्हॉल्व्हर, घोडा चढवलेला, आणि शेजारी पेटलेली समई. दोन पंच, हवालदार, मी. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर बैलगाड्यांचे आवाज. आम्ही बघत बसलो. काही झालं नाही. चहा आला, तो कुणी घेतला नाही. पंचांपैकी एक जण आवरून घेऊ म्हणाला. हवालदार खिडकीकडे वळला. मला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

‘खट्’ असा आवाज झाला आणि घोडा खाली आला.

कुणी हात लावला नव्हता. कुणी टेबलाला धक्का दिला नव्हता. एक पंच उठून भिंतीला चिकटला. कारण मला ठाऊक होतं, डोळ्यांसमोर मांडलेलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. चाप जागचा हललेला दिसला नाही. असं वाटलं की कुणीतरी उभं राहून वाट पाहत होतं आणि आता त्याला कंटाळा आला. आम्ही पुन्हा करून पाहिलं, तेव्हा घोडा पडला नाही. तिसऱ्यांदा पडला. एवढा बेभरवशाचा. म्हणूनच मागल्या साली तो ताटं वाढेपर्यंत पडला आणि यंदा माणूस वाकेपर्यंत थांबला. वाकलेल्या माणसाला समोरून आडवी आलेली गोळी मानेतून पाठीकडे जाते, हेही डॉक्टरांनी मग मान्य केलं. नंतर मुंबईहून तज्ज्ञाचा अहवाल आला, त्यातही हेच होतं, फक्त अवघड भाषेत.

एक गोष्ट राहिली होती. म्हातारा असताना हे का होत नव्हतं? मी त्या घरी गेलो. सासू ओसरीवर होती. तिला विचारलं, मालक शस्त्राला कुठलं तेल लावायचे?

“सोलापूरहून डबी आणायचे. बंदुकीच्या दुकानातनं.”

“ते गेल्यावर?”

“डबी सरली. आणायला कोण जाणार? तेल मागितलं की दुकानवाला इचारणार, बंदूक कुठाय तुमची.”

मी पुढे विचारलं नाही. देवघरातली दिव्याच्या तेलाची वाटी पंचनाम्यात घेतली आणि निघालो. ती म्हातारी माझ्या हातातल्या वाटीकडे बघत राहिली.

सून सुटली त्या दिवशी तिला घरी पोहोचवायला मी स्वतः गेलो. माहेरी जाशील का, मी वाटेत विचारलं होतं. ती म्हणाली, माझं मानूस त्या घरातनं गेलं, मला तिथंच जायचंय. ओसरीवर भावकी जमली होती. मी उभ्यानेच सांगितलं की हिचा काही दोष नाही, शस्त्रात दोष होता, खाच बिघडली होती. मुद्दामच तेवढंच सांगितलं. बाकीचं कोर्टाच्या कागदात होतं आणि ते वाचणारं तिथे कुणी नव्हतं.

सून म्हणाली, “वाटी का नेली व्हती, अमीनसाब?”

मी काही तरी सांगायला लागलो. तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

“तेल म्या लावलं व्हतं,” ती म्हणाली. “दोनी साल म्याच लावलं. दिव्याच्या वाटीतनं.”

तिचा आवाज अजिबात हलला नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी होती आणि आत पाऊल टाकत नव्हती. मला पळून जावंसं वाटलं. एवढा तपास करून मी त्या पोरीला फासापासून वाचवलं होतं आणि तिच्या हातात हे दिलं होतं.

सासू भिंतीला धरून उठली. तिला उठायला वेळ लागला. दारापर्यंत आली आणि जिच्याकडे तिने सगळ्या गावासमोर बोट दाखवलं होतं तिचा हात धरला.

“वाटी म्या दिली हिच्या हातात,” ती भावकीकडे बघून म्हणाली. “ही म्हणली व्हती, आत्या, ह्ये तेल चालंल का. म्याच म्हणले, देवाला चालतं तर शस्त्राला न चालायला काय झालं. कुणाला बोलायचं आसंल तर मला बोला.” मग सुनेला म्हणाली, “चल आत. सकाळपासनं काय खाल्लं न्हायस.”

सून आत गेली. जाताना दारात वळली आणि मला म्हणाली, “त्यान्ला भ्या वाटत व्हतं, अमीनसाब. मागल्या सालापास्नं ते आत एकटं जात न्हवते. तरी वाटी माझ्या हातातनं घेतली.”

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. एक तर हे, की खून दिसला की आपण आधी माणूस शोधतो, आणि माणूस सापडला की बाकीचं बघायचं सोडून देतो. एका टिळ्यावरून ती बाई वाचली. हवालदाराने माझं ऐकलं असतं तर मला तो टिळा कधी सुचला नसता. तेव्हापासून मी त्याला कुंकवावरून बोललो नाही.

दुसरं जरा वेगळं आहे. नव्या जवानाला हत्यार हातात देण्याआधी मी एकच गोष्ट पाठ करून घ्यायचो. चक्र, घोडा, चाप, सेफ्टी ही नावं पुढे येतील. आधी हे शिका, की हत्यार भरलेलं असो की रिकामं, नळीसमोर कधीही उभं राहायचं नाही. त्या घरचा तो पोरगा, तिचा नवरा, कधी कुठल्या ट्रेनिंगला गेला नव्हता. पण एक वर्ष भिंतीतल्या त्या भोकासोबत राहून तेवढा नियम त्याला कळला होता. आणि बायको वाटी घेऊन निघाली तेव्हा तो नियम ठाऊक असूनच तो आत गेला.